दोन रविवार जास्तीचे

तो दुकानात आला तेव्हा माझे दोन्ही हात तांब्याच्या तारेत अडकलेले होते. विहिरीवरच्या पंपाची मोटर भरत होते मी.

"हिलालभाऊ आहेत का?"

"बाबा जेवायला गेलेत. काय काम होतं?"

"बोटीचं इंजिन आहे... बाहेर जीपमध्ये. चालता चालता बंद पडतं. थोड्या वेळाने आपलं आपणच चालू होतं." तो जरा घुटमळला. "भाऊ आल्यावर येऊ का?"

"इंजिनाला काय कळतं, भाऊ उघडतोय की बाई?"

तो हसला. भुरभुर पावसात भिजून आला होता, चष्म्यावर थेंब होते. चष्मा पुसायला त्याने शर्टाचं टोक धरलं, तर तेही ओलंच! मी मोटरवरचा कोरडा फडका पुढे केला. आमची ओळख झाली ती अशी.

त्याचं नाव उमाकांत. मणिबेलीच्या पुढे, नर्मदेच्या धरणाच्या पाण्यापलीकडे एका पाड्यावर मास्तर होता. शाळेचा तांदूळ, पुस्तकं, आजारी माणसं, सगळं रायसिंगभाऊंच्या बोटीने जायचं. भाऊंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून इंजिन मास्तर चालवायचा.

मी इंजिन पाण्याच्या पिंपात बसवून सुरू केलं. अर्धा तास एका सुरात चाललं. प्लग बदलला, ठिणगी पाहिली... निळी, सणसणीत.

"इथे शहाण्यासारखं वागतंय," मी म्हटलं.

"तिथे नाही वागत. परवा मधोमध बंद पडलं, बोटीत सात मुलं होती."

तो हे हळूच म्हणाला, पण मला ते लागलं.

"मग पाण्यावरच पाहावं लागेल. रविवारी येते."

जेवून परतलेल्या बाबांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "जाय," ते म्हणाले. "पन दिवस बुडाना आगोदर परत ये."

आयटीआय करून तीन वर्षं मी अक्कलकुव्याच्या त्या दुकानात होते. दिवाळीनंतर शहाद्याचं एक स्थळ बघायला येणार होतं. तोवर नर्मदेचं ते पाणी मी पाहिलंही नव्हतं.

मोलगीच्या पुढे जीप घाट उतरली आणि पाणी दिसलं. हिरवं, डोंगरांच्या कुशीत खोल शिरलेलं. रायसिंगभाऊ पुढे बसले, मास्तर इंजिनाचं हँडल धरून मागे, मी त्याच्याजवळ, पाने आणि टेस्टर मांडीवर घेऊन. त्या दिवशी इंजिन तीनदा बंद पडलं. दर वेळी मी झाकण उघडून पाहिलं, तर ठिणगी गायब. दोन मिनिटांनी पुन्हा हजर.

"लाजतंय तुम्हाला," मास्तर म्हणाला.

"मला की तुम्हाला?"

त्याने पाण्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते.

मला वाटलं, कॉइल तापल्यावर दगा देत असेल. दुसऱ्या रविवारी ती बदलली. तरी बंद पडलंच. मग लक्षात आलं, बोट शाळेच्या काठाकडे वळवताना, हँडल पूर्ण उजवीकडे गेलं की हे होतं. इंजिन चालू ठेवून मी एकेक वायर हलवून पाहिली. इंजिन बंद करायच्या लाल बटणाची वायर हँडलच्या खाचेत घासून उघडी पडली होती. वळताना ती लोखंडाला टेकायची, आणि इंजिनाला वाटायचं, कुणी बटण दाबलं.

ते दोघे तांदळाची पोती उतरवायला गेले तेवढ्यात मी नवी वायर टाकली, वर नळी चढवली, टेप गुंडाळली. हँडल दहा वेळा फिरवून पाहिलं. मुलांच्या बोटीत बिघाड ठेवून मी घरी गेलेच नसते.

पण त्याने परत येऊन विचारलं, "सापडलं?"

"नाही अजून," माझ्या तोंडून निघून गेलं. "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी मी भीतभीतच विचारलं, "या आठवड्यात कसं होतं?"

"दोनदा बंद पडलं," तो गंभीरपणे म्हणाला.

पुढे बसलेल्या रायसिंगभाऊंनी वळून तोंड उघडलं, मास्तरकडे पाहिलं, मिटलं, आणि ते पुन्हा पाण्याकडे वळले.

मी झाकण उघडून अर्धा तास आत बघत राहिले. काय बघत होते, देव जाणे. बंद पडणं शक्यच नव्हतं. मग हा खोटं का बोलला?

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, "रंजी, इंजिन बिघडेल शे का मास्तर बिघडेल शे?"

मी पाने पुसून खोक्यात ठेवायला लागले.

चौथ्या रविवारी रायसिंगभाऊ काठावरच थांबले. पाय दुखतोय म्हणाले. मधोमध आलो आणि मास्तरने स्वतःच लाल बटण दाबलं. सगळं शांत झालं. बोट आपली हलकेच डुलत होती.

"बंद पडलं," तो म्हणाला.

"तुम्ही पाडलंत."

"टेप नवी आहे. तुम्ही 'नाही अजून' म्हणालात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिली मी."

मी पदराशी... नाही, ओढणीशी खेळत बसले. पदर असता तर तोंड तरी लपवता आलं असतं.

"माझी बदली झालीय," तो म्हणाला. "नवापूर तालुका. दिवाळीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचंय. तिकडे बोट नाही. तुम्हाला बोलवायला मला कारणच उरणार नाही."

चार रविवार आम्ही शाळेतलं मराठी बोलत होतो, अहो-जाहो करत. मला एकाएकी ते सगळं जड वाटलं.

"कारन कसाले पाहिजे तुले?" मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मग चष्मा काढला, उगाच. तोही तापीकाठचा, घरी माझीच बोली बोलणारा, हे मला ठाऊक नव्हतं.

"तुन्हा बापले भेटानं शे माले," तो म्हणाला. "भेटू का?"

"भेट."

तो भेटून गेल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर शहाद्याच्या स्थळाला फोन लावून म्हणाले, "मन्ही पोरनं जमी गय."

याला सहा वर्षं झाली. नवापुरात माझं स्वतःचं दुकान आहे. मागच्या हिवाळ्यात रायसिंगभाऊंच्या मुलीच्या लग्नाला आम्ही पुन्हा तिकडे गेलो. नवी बोट, किल्ली फिरवली की सुरू होणारं इंजिन. पूर्वी तासभर लागायचा, आता वीस मिनिटांत काठ आला.

"लवकर पोचलो," उमाकांत म्हणाला.

"हो ना," मी म्हटलं.

रायसिंगभाऊ दोनदा म्हणाले, उतरा. आम्ही बसूनच होतो.