नावाड्याचा तात्पुरता आवाज

डेस्पिनाने कोटांच्या खोलीचं दार उघडलं, तर आत पाऊस पडत होता.

म्हणजे एक अनोळखी तरुण उकिडवा बसून पत्र्याच्या ताटावर मुठीतून तांदूळ सोडत होता. समोर माइक, कानांवर हेडफोन आणि चहूबाजूंनी लटकणारे सगळ्यांचे हिवाळी कोट. आवाज घुमू नये म्हणून त्यांच्या छोट्याशा गेम कंपनीचं सगळं रेकॉर्डिंग याच खोलीत चालायचं.

"दार लाव ना... पाऊस बाहेर जातोय," तो म्हणाला.

डेस्पिनाच्या खांद्यावरून तिचे बाबा डोकावले. "भाताला पाणी टाकायचं राहिलंय, बाळा."

तो इतका मोकळा हसला, की डेस्पिनाने उगाचच एका कोटाची बाही नीट केली.

तो रेवी. न्यूझीलंडचा. आवाजाच्या कामाला आजच रुजू झालेला. त्यांच्या गेममध्ये खेळणारा एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचा, आणि त्यासाठी धक्क्यावर नावेची वाट बघायची. तोवर म्हातारा नावाडी गोष्टी सांगणार. त्या गोष्टी डेस्पिनाने लिहिलेल्या. खरा नट मिळेपर्यंत कुणीतरी त्या वाचून ठेवायच्या, अशी या धंद्यातली रीत. त्याला 'तात्पुरता आवाज' म्हणत. आज तिने बाबांना धरून आणलं होतं. ते ब्रन्सविक भागातल्या आपल्या दुकानातून, कागदात गुंडाळलेले मासे आणि चिप्स घेऊन, एप्रनसकट आले होते.

बाबांनी गोष्टी वाचल्या. मध्येच विसरले, स्वतःच्या पदरचं घातलं, नावेला शिव्याही दिल्या.

"कसं झालं गं?" त्यांनी शेवटी विचारलं.

डेस्पिना तारा गुंडाळत होती. "चालेल, बाबा. तात्पुरतंच तर आहे."

"ऐकलंस?" बाबा रेवीला म्हणाले. "हिचं 'चालेल' म्हणजे पदक समज."

आणि जाताना, हळू बोलतोय असं समजून, मोठ्यांदा, "मुलगा बरा आहे हं, डेस्पिना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर उचलतानाच बाबा कोसळले.

चर्चमध्ये बाबांच्या अंत्यविधीनंतर लोक कॉफी पीत उभे होते. डेस्पिना कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली, तर रेवी बाह्या दुमडून भांडी घासत होता.

"तू... पाहुणा आहेस."

"आमच्याकडे अशा वेळी येणाऱ्याने भांडी घासायची असतात." त्याने तिच्या हातात फडकं दिलं. "बोलायचं असेल तर बोल. नाहीतर नुसतं पूस."

ती नुसतंच पुसत राहिली. फार बरं वाटलं.

मग हळूहळू रोजचीच सवय झाली. ट्रामच्या थांब्यापर्यंत बरोबर चालणं, एकाच पुड्यातले चिप्स... आणि शेवटचा चिप कुणाचा यावरून भांडण.

"तू लेखिका आहेस ना? लेखक उपाशी असतात."

"आणि तू तांदूळ खा!"

गेम पुरा होत आला, तेव्हा मालकीण ब्रॉनविनने सगळ्यांना बोलावलं. "गेम फुकट द्यायचा. नाव लगेच हवी असेल, तर मात्र पैसे. सगळेच करतात."

"म्हणजे आधी आपणच लोकांना ताटकळत ठेवायचं आणि मग सुटकेचे पैसे मागायचे?" रेवी उसळला.

"आणि तुझा पगार कोण देणार? तांदूळ?"

डेस्पिना शांतपणे म्हणाली, "नवी बेटं विकू, गेममध्ये घालायच्या टोप्या विकू. नवं काही हातात पडलं तर लोक आनंदाने पैसे देतात. वाट बघणं विकायला नको."

"आधी चाचणी होऊ दे," ब्रॉनविन म्हणाली. "आणि रेवी, नट ठरलाय. तो तात्पुरता आवाज काढून टाक."

बाहेर आल्यावर रेवीने तिला थांबवलं. "तुला तो आवाज राहायला हवाय. सांग ना तिला!"

"कामाच्या ठिकाणी घरचं रडगाणं नको."

"डेस्पिना..."

"ट्राम आली," ती म्हणाली. ट्राम कुठेच नव्हती.

चाचणीला गेम मोजक्या खेळणाऱ्यांकडे गेला, आणि आठवडाभराने ब्रॉनविनचा आवाज साऱ्या मजल्यावर घुमला. "रेवी! तात्पुरता आवाजच बाहेर गेलाय!"

रेवीचे कान लाल झाले. "नव्या आवाजाची फाइल बसवायची... राहिली."

"बसवायचीही नाही आता. हे वाच." तिने पडदा सगळ्यांकडे वळवला. नाव लवकर मिळावी म्हणून जवळजवळ कुणीच पैसे भरले नव्हते. उलट समोर आलेली नाव सोडून लोक धक्क्यावर बसून राहिले होते. एकाने लिहिलं होतं, 'या म्हातारबाबांचं बोलणं अर्धवट टाकून जाववत नाही.'

"बेटं विकू आपण. नाव फुकटच राहील," ब्रॉनविन म्हणाली. "पण हे म्हातारबाबा आहेत कोण? यांना विचारायला हवं."

डेस्पिना उभी राहिली. "माझे बाबा आहेत. त्यांना... राहू दे. मला ते हवेत."

त्या दुपारी रेवी तिला कोटांच्या खोलीत घेऊन गेला. बाहेर पत्र्यावर खरा पाऊस वाजत होता.

"खरं सांग," ती म्हणाली, "चुकून गेला होता आवाज?"

"चुकूनच." तो घुटमळला. "पण लक्षात दुसऱ्याच दिवशी आलं होतं. मग... गप्प बसलो."

"लबाड आहेस."

"चालेल?"

"चालेल," ती हसली.

"पदक!" त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. "शेवटचा तुकडा गेममध्ये नाही. तुझ्यासाठी ठेवलाय."

बाबांचा आवाज आला. एप्रन झटकल्याचा, खाकरल्याचा. मग, "कसं झालं गं?"

आणि पुढे शांतता. तिचं ते कोरडं उत्तर तिथे नव्हतं.

"उत्तराची जागा मोकळी करून ठेवलीय," रेवी हळूच म्हणाला. "माइक चालू आहे. मी बाहेर थांबू?"

तिने नकारार्थी मान हलवली आणि त्याची बाही घट्ट धरली.

"फार छान झालं, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच सांगायला हवं होतं. फार छान. आणि हा मुलगा... नुसता बरा नाही, बाबा. मला तो फार आवडतो."