खारा हात

व्हर्लिन स्टेन्सरूडच्या तळघरात त्रेचाळीस बंदुका होत्या आणि त्याच्या लेकीच्या घरातल्या कपाटात सहाच मावत होत्या.

तिढा एवढाच होता, आणि तो तीन वर्षं सुटत नव्हता. मग सप्टेंबरात व्हर्लिन तळघराच्या पायऱ्यांवरून घसरला आणि दीड दिवस खालच्या फरशीवर पडून राहिला. शनिवारी मारिट नेहमीप्रमाणे भेटायला आली म्हणून वाचला. त्या दिवसापासून तिने विनवण्या करणं सोडलं. बर्फ पडायच्या आत बाबाने ला क्रॉस शहरात तिच्याकडे राहायला यायचं. खालची खोली त्याची. सहा बंदुका आणायच्या, बाकीच्यांचं काय करायचं ते त्याने ठरवायचं.

“आणि नाही ठरलं तर?” त्याने विचारलं होतं.

“तर मी शनिवारीच येत राहीन, बाबा. तू मंगळवारी पडलास तर काय करशील ते तू सांग.”



एकोणऐंशी वर्षांच्या आयुष्यातली चौतीस त्याने विस्कॉन्सिन राज्याच्या वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंप, गुरांच्या बाजारातले मोठे वजनकाटे तपासायचे. सोबत न्यायच्या प्रमाण वजनांना उघडा हात लावायचा नाही, हा त्या नोकरीतला पहिला धडा. बोटांच्या घामात मीठ असतं, ते धातूला खातं. बरोबरच्या पोरांना हे नवं होतं. व्हर्लिन ते घरूनच शिकून आला होता.

त्याचे वडील सेल्मर यांनी दोघा मुलांची एकदा परीक्षा घेतली होती. घासून लखलखीत केलेली लोखंडाची एकेक पट्टी दोघांच्या हातात दिली, शंभरपर्यंत मोजायला लावलं आणि पट्ट्या खिडकीत ठेवून दिल्या. तिसऱ्या दिवशी व्हर्लिनची पट्टी होती तशी होती. धाकट्या ऑर्लिनच्या पट्टीवर तपकिरी बोटं उमटली होती, रेघान् रेघ मोजता येईल अशी. आजोबा नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे कोळी होते. त्यांचा सगळा समुद्र तुझ्याच हातात उतरला, असं सेल्मर हसत म्हणाले, आणि त्या दिवसापासून ऑर्लिनला घरातल्या बंदुकांना हात लावायची बंदी झाली. अपवाद एकीचा. एका वेळी एकच काडतूस घेणारी पॉइंट बावीस बोअरची जुनी रायफल होती, आधीच गंजलेली. तिच्यावर दोघं भाऊ खारी मारायला शिकले. चौदाव्या वर्षी मका खुडायच्या यंत्रात ऑर्लिनच्या उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर गेलं, तरी नेम व्हर्लिनपेक्षा त्याचाच चांगला राहिला.

सेल्मर गेले तेव्हा मृत्युपत्रात सगळ्या बंदुका थोरल्याच्या नावावर होत्या. कारणही लिहिलं होतं: त्याचा हात कोरडा आहे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी न्याहारी आटोपून व्हर्लिन कठडा धरत खाली उतरला. बंदुकांच्या खोलीत दमटपणा शोषून घेणारं यंत्र बारा महिने घुमत असायचं. भिंतीवरच्या मापकाचा काटा चाळीसच्या आसपास असायचा आणि खोलीला तेलाचा गोडसर वास असायचा. मधल्या लांब टेबलावर हिरवं जाड कापड होतं. त्याने सुती हातमोजे चढवले आणि एकेक बंदूक पुसून टेबलावर मांडायला घेतली. डावीकडे ठेवायच्या, उजवीकडे जायच्या. प्रत्येकीला त्याने पूर्वीच क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली होती. संध्याकाळपर्यंत डावीकडे सहा जमल्या; बावीसची तेवढी भिंतीवरच राहिली. पहिली होती वडिलांची हरणाच्या शिकारीची रायफल. ती ठेवायची हे ठरवायला त्याला क्षणही लागला नव्हता.

मंगळवारी सकाळी त्या रायफलीच्या नळीवर गंजाची बोटं होती.

एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार. कोणीतरी नळी मुठीत धरून उचलून पाहावी आणि परत ठेवावी, तशी. व्हर्लिनने आधी मापक पाहिला. एकेचाळीस. मग हातमोजे उलटसुलट करून पाहिले. भोक नव्हतं. आपलाच हात लागला असेल, असं त्याने ठरवलं. पडल्यापासून त्याला बारीकसारीक गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. उघड्या हाताचा गंज वर यायला तीन-चार दिवस लागतात आणि हा एका रात्रीत आला होता, एवढं मात्र त्याच्या हिशेबात बसेना. त्याने तेल आणि बारीक लोखंडी काथ्या घेऊन डाग काढला. तपकिरी रंग निघाला. खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले. गंज पुसता येतो, खड्डा पुसता येत नाही.

बुधवारी दुसरीवर बोटं होती. गुरुवारी तिसरी आणि चौथी. गुरुवारीच त्याने भिंग घेऊन नीट पाहिलं. चारांतलं तिसरं बोट आखूड होतं, आणि त्याचं टोक गोल नव्हतं, सपाट होतं.

व्हर्लिनने भिंग खाली ठेवलं, वर जाऊन कॉफी केली आणि ती प्यायला विसरला.

ऑर्लिन जाऊन अकरा वर्षं झाली होती. सुपीरियरच्या बंदरात मालवाहू जहाजांवर त्याने जन्म काढला आणि तिथेच एका भाड्याच्या खोलीत तो वारला. वारण्यापूर्वी काही वर्षं त्याचं एक पत्र आलं होतं, आयुष्यातलं एकमेव. त्याला ती बावीसची रायफल हवी होती. भिंतीवर लावेन, हात लावणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. व्हर्लिनने उत्तर लिहिलं नाही. त्याने पांढऱ्या सुती हातमोज्यांचा एक नवा जोड पाकिटात घालून पाठवला. आपण हे थट्टेत केलं, असं त्याने बायकोला सांगितलं. ये, हे घाल आणि बघून जा, असा त्याचा अर्थ होता, असंही सांगितलं. ऑर्लिन आला नाही. तो गेल्यावर घरमालकाने त्याच्या वस्तूंचं खोकं पाठवलं, त्यात हातमोजे होते. त्यांच्यावरची कागदी पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती.

एक गोष्ट व्हर्लिनने बायकोलाही सांगितली नव्हती. पत्र येण्याच्या कितीतरी आधी, वडील गेले त्या हिवाळ्यात, त्याने ती बावीसची नळी घासून नवी केली होती. तिच्यावर लहानपणीची गंजलेली बोटं होती, ढिगाने. ती सगळी काढून त्याने निळा-काळा मुलामा चढवला होता. काम उत्तम झालं होतं.

शुक्रवारी त्याने खात्यात करायचा तशी चाचणी घेतली. डावीकडच्या ओळीला काही होत असेल तर दोष जागेचा असू शकतो; तो भाग प्रथम वगळायला हवा. म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून त्याने मनातल्या मनात ठरवलं की आपण एकोणीस नंबरच्या चिठ्ठीची ठेवणार. ती उजव्या ओळीत होती, खटका मोडलेली, कोणी फुकट नेणार नाही अशी दुनळी. तो खाली गेला नाही. कुठे लिहिलं नाही. कोणाशी बोलला नाही.

शनिवारी सकाळी उजव्या ओळीतल्या एकोणीस नंबरवर पाच बोटं होती. आजूबाजूच्या बंदुका स्वच्छ होत्या.

त्या दुपारी मारिट आली. वरच्या खोल्या आवरल्या, फ्रिज रिकामा केला, आणि तळघराकडे बोट दाखवून विचारलं, “झालं का ठरवून?”

“होतंय.”

“बाबा, डोळे बघ तुझे. झोपतोस ना?”

झोपतो, असं तो म्हणाला. तिने पुढच्या शुक्रवारची तारीख दिनदर्शिकेवर गोल करून ठेवली.

सोमवारी डेल कुबियाक आला. तो लिलाव करणाऱ्यांसाठी जुन्या बंदुका पारखायचा आणि तीस वर्षं व्हर्लिनबरोबर एकाच नेमबाजी मंडळात होता.

“अजून चालतोबोलतोस की,” दारातच तो म्हणाला. “मी उगाच शववाहिनी बघून ठेवली.”

खाली आल्यावर त्याची थट्टा थांबली. त्याने पहिल्या रायफलीचे खड्डे पाहिले, दुसरीचे पाहिले, आणि कोणाला हात लावू दिलास म्हणून व्हर्लिनवर रागावला. खाऱ्या हाताची माणसं त्याने पाहिली होती; मंडळात एकाला ते प्रेमाने ‘खारवलेला मासा’ म्हणायचे आणि दुरूनच बंदुका दाखवायचे. पण हे त्याहून वाईट आहे, तो म्हणाला. मग त्याने आपली बोटं त्या ठशांवर टेकवून पाहिली.

“ह्या माणसाचं एक बोट तुटलेलं आहे, व्हर्लिन.”

व्हर्लिन चिठ्ठीची गाठ सारखी करत राहिला.

कुबियाकने वडिलांची रायफल उचलली, मागून नळीत छोटा दिवा घातला आणि पुढून डोळा लावला. तो बराच वेळ तसाच राहिला. यंत्र घुमत होतं.

“आत अंगठा आहे,” तो म्हणाला.

“आत म्हणजे?”

“आत. मध्यावर. तूच बघ.”

व्हर्लिनने पाहिलं. नळीच्या आतल्या पिळदार खाचांवर, दोन्ही तोंडांपासून वीतभर आत, अंगठ्याच्या रेघा होत्या. तपकिरी, ठळक, भोवऱ्यासकट. त्या छिद्रात पेन्सिल जाते. अंगठा जात नाही.

कुबियाकने रायफल टेबलावर ठेवली आणि हात पँटला पुसले.

“मी तुला काही विचारत नाही,” तो म्हणाला. “गुरुवारी गाडी आणतो. किती न्यायच्या ते तू ठरव.”

तो गेल्यावर व्हर्लिनने बावीसची रायफल भिंतीवरून उतरवली. आठ दिवसांत तिच्यावर एकही ठसा आला नव्हता. ठेवायची की जायची, हे त्याने तिच्याबद्दल ठरवलंच नव्हतं.

त्याने डावी बाजू मोकळी केली. तिथे एकटी बावीसची ठेवली. तिच्या शेजारी ऑर्लिनच्या खोक्यातले हातमोजे ठेवले, मग ते उचलून खिशात घातले.

मारिटला फोन करून सांगितलं की सहा नाही, एकच आणतो.

“कोणती?”

“काकाची,” तो म्हणाला. त्या रायफलीला असं त्याने प्रथमच म्हटलं.

मंगळवारी सकाळी बावीसची स्वच्छ होती.

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. घे, असं तो मोठ्याने म्हणाला. आपला आवाज त्याला अनोळखी वाटला.

बुधवारी सकाळी ती स्वच्छ होती. त्याने भिंग घेतलं, दिवा घेतला, नळी आतून पाहिली. इतका निर्मळ धातू त्याने नोकरीतही पाहिला नव्हता. मुलाम्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता.

गुरुवारी सकाळी ती स्वच्छ होती.

व्हर्लिनने हातमोजे काढले. उघड्या उजव्या हाताने त्याने नळी धरली आणि शंभरपर्यंत मोजलं. लोखंड गार होतं. शंभर झाले तरी ते हाताच्या उबेने कोमट झालं नाही.

कुबियाक दुपारी आला. व्हर्लिनने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दिल्या. बावीसची शेवटी, स्वतः गाडीपर्यंत नेऊन.

“हातमोजे कुठेत तुझे?”

“राहू दे आता.”

शुक्रवारी मारिट त्याला घेऊन गेली. वाटेतच बर्फ सुरू झालं. तिची खालची खोली उबदार होती, खिडकीतून नदी दिसत होती. कोपऱ्यात सहा खाचांचं कपाट रिकामं उभं होतं. ते हलवायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

रविवारी जेवताना कुबियाकचा फोन आला. त्याने सगळ्या बंदुका दोनदा तपासल्या होत्या. एकीवरही काही नव्हतं. गंज नाही, नळीतला अंगठा नाही.

“पुसलास?” व्हर्लिनने विचारलं.

“खड्डे कसे पुसणार, व्हर्लिन? खड्डेच नाहीयेत.”

त्याने फोन ठेवला. मारिटने बटाटे त्याच्याकडे सरकवले आणि थांबली.

“बाबा, हाताला काय लागलंय?”

उजव्या हाताच्या पाठीवर चार तपकिरी डाग होते. तिसरा आखूड होता. त्याने हात उलटा केला. तळव्यात अंगठा होता.

“कॉफी असेल,” तो म्हणाला.

मारिटने रुमाल ओला करून डाग पुसायला घेतले, लहान मुलाचे पुसावेत तसे. तपकिरी रंग रुमालावर उतरला. तिने समाधानाने मान हलवली आणि ताट उचलायला गेली.

व्हर्लिनने डाव्या हाताचं नख उजव्या हातावरून हलकेच फिरवलं. चार ठिकाणी ते अडकलं.