गुंगीतले उंदीर

खासगी गुप्तहेर रत्नागिरीत तसा कुणालाच परवडत नसे. हरिश्चंद्र सुर्व्यांच्या दारात आलेल्या रझियाला तर मुळीच नाही.

"आमच्या मानसानं उंदरांना इख घातलान नाय, साहेब. डॉक्टर सांजचे पोलिसांच्या हवाली करनार त्यांना."

मांडीवर निजलेलं तान्हं घुरघुरत होतं. बोलता बोलता तिने बोटावर खोबरेल घेऊन त्याच्या नाकात सोडलं. "पयला सर्दीतच गेला," ती म्हणाली.

सुर्वे आपले मित्र भागोजी यांना घेऊन क्षयरुग्णालयामागच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे डॉ. आगाशे नवं औषध उंदरांच्या फुप्फुसात पोचवत. ईथरने गुंगी आणायची, मग नाकावर थेंब. जागा उंदीर ते शिंकून टाकतो, गुंगीतला आत ओढतो.

"औषध दिलेले सगळे मेले," आगाशे म्हणाले. "बाटल्यांच्या कपाटाची किल्ली मदतनीस इद्रीसकडेच असते."

"आणि तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी दिलेले?" सुर्व्यांनी विचारलं.

"तेही मेले. थेंब न दिलेले धडधाकट आहेत."

"विष दाण्यात असणार," भागोजी म्हणाले.

"दाणे सगळ्यांना एकच, भागोजी. डॉक्टर, गुंगी उतरेपर्यंत उंदीर कोण सांभाळतं?"

"इद्रीसची बायको. फडक्यात उबेला धरते. मायाळू बाई आहे."

सुर्व्यांनी मेलेल्या उंदराच्या नाकावरून बोट फिरवलं. लव तेलकट होती.

इद्रीसला बोलावलं. "मीच मारलं," तो म्हणाला.

"कसलं विष घातलंस?"

त्याला नाव सांगता येईना.

"विष नव्हतंच," सुर्वे म्हणाले. "मिठाच्या पाण्यानेही उंदीर मेले, म्हणजे दोष औषधात नाही. मेलेले सगळे गुंगीत रझियाच्या हातात होते. तिला त्यांची नाकं ओली दिसली. लेकराला घालते तसं तिने खोबरेल घातलं, आणि ते फुप्फुसात उतरलं."

"मग हा कबुली का देतो?" भागोजींनी विचारलं.

इद्रीस खाली बघत बोलला. "उंदीर कशानं मेलं ता तिला कळला, तर पयला कशानं गेला ताय कळंल. मना न्या, साहेब. तिला सांगू नका."

सुर्व्यांना या धंद्याची शिसारी आली.

"नाही सांगितलं, तर ती याही पोराला तेल घालत राहील," ते म्हणाले.

इद्रीस उठला. रझिया बाहेर पायरीवर बसली होती. त्याने तिच्या मांडीवरचं मूल उचलून घेतलं.

"तुमाला सोडलानी?" तिचा चेहरा उजळला.

"सोडलानी," तो म्हणाला, आणि पुढचं सांगायला तिच्याजवळ बसला.