सीलबंद डब्यातला वैमानिक

जय, तो किचनमधला लाइट बंद कर, डोळ्यांवर येतो. सिया, तू इकडे सरक. हे काही मी रचून सांगत नाही. माझ्या दोस्ताच्या, श्रीरामच्या घरात, इथेच अल्फारेटात घडलंय. गेल्या नोव्हेंबरात घड्याळं मागे घेतली ना, त्या शनिवारी रात्री.

त्या दुपारी श्रीराम टेनेसीच्या हद्दीपर्यंत ड्राइव्ह करून गेला होता, एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून बाहुला आणायला. जुन्या ब्रिटिश टीव्हीवर पोरांसाठी कठपुतळ्यांची मालिका असायची, त्यातला दोऱ्यांवर चालणारा लाकडी वैमानिक. कंपनीचा पारदर्शक झाकणाचा डबा, सीलसुद्धा शाबूत. गडी खूश होता.

अगदी तसाच बाहुला लहानपणी त्याच्या सांगलीच्या घरी होता. लंडनच्या मामाने मालिकेच्या कॅसेटसोबत नकुलला, म्हणजे श्रीरामच्या धाकट्या भावाला पाठवलेला. पण वडिलांनी, आप्पांनी, तो शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं. फॉरेनची वस्तू, पाहुण्यांना दाखवायची, पोरांनी मोडायची नाही. पुढे नकुलला कावीळ झाली. अंथरुणातून तो बाहुलाच मागायचा. बरा झालास की देतो, असं आप्पा म्हणत राहिले. नकुल बरा झालाच नाही.

तो राग श्रीराम आजतागायत गिळत आलाय. आप्पा आता त्याच्याकडेच राहतात. औषधपाणी, डॉक्टर, सगळं तो चोख करतो, पण त्यांच्याशी धड दोन शब्द बोलत नाही.

संध्याकाळी त्याने डबा हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवला. त्याच्या मुलीने, इलाने, उघडून बघू का म्हणून विचारलं, तर तो खेकसलाच तिच्यावर. सील तुटलं की जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या लेखी वस्तू संपली म्हणे! कपाटाला किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

"अरे, दे तिला खेळायला," आप्पा म्हणाले.

श्रीरामच्या डोक्यात तिडीक गेली. "आज सुचतंय हे तुम्हाला? नकुलला का नाही दिलंत? मागत मागत गेला तो, आप्पा."

आप्पा न जेवताच उठले.

घड्याळं मागे जातात त्या रात्री एकचा तास दोनदा येतो. तो दुसऱ्यांदा आलेला तास होता. खाली आवाज झाला. टक्... टक्... लाकडी फ्लोअरवर लाकूड. इलाच असणार, म्हणून श्रीराम तणतणत उठला. तिच्या खोलीत डोकावला.

इला गाढ झोपलेली.

टक्... टक्...

तो जिना उतरला. बटणाकडे हात गेला, पण दाबवेना. अंधुक उजेडात आप्पा जमिनीवर बसलेले दिसले. त्यांच्यापुढे बाहुला चालत होता. दोऱ्या ताणलेल्या. हातभर वर जाऊन अंधारात संपलेल्या. धरणारं कोणी नव्हतं.

"आप्पा..."

"हळू बोल." आप्पा रडत होते. "माझ्यावरचा राग गेला त्याचा. आता तुझ्यावर आहे. म्हणतो, दादानेपण कुलूप लावलं."

टक्.

बाहुला वळला. श्रीरामकडे. दोन पावलं आला...

श्रीरामने बटण दाबलं.

हॉलमध्ये फक्त आप्पा. कपाटाला कुलूप. आत डबा, सील जसंच्या तसं. श्रीराम काचेला नाक लावून बघत राहिला. डब्यातल्या बाहुल्याच्या पायांचे तळवे झिजले होते. गुडघ्यांचा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं, वर्षानुवर्षं कुणी रोज खेळल्यासारखं.