समुद्राचं बोलणं

डॉ. हेमांगी नाखवा देवखोलच्या जुन्या आगबोट-धक्क्यावर आल्या होत्या त्या सत्कारासाठी, पण सागरी संग्रहालयाचे प्रमुख कॅप्टन रेगे यांनी त्यांना आधी तळमजल्यावर नेलं. रेगेंचं सर्वांत लाडकं दालन मुकं झालं होतं.

या धक्क्यावरून एके काळी एडनला, मार्सेयला बोटी सुटत. बोटी गेल्या, इमारत राहिली आणि तिचं संग्रहालय झालं. समुद्रात रोवलेल्या साडेतीनशे लाकडी खांबांवर ती अजून उभी होती. रेगेंनी त्या खांबांना खांबश्रावक बसवले होते. लाकडातली अतिसूक्ष्म कंपनं टिपून ही यंत्रं ती हेडफोनवर ऐकवत. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येई. दालनाला नाव दिलं होतं 'समुद्राचं बोलणं'. शाळांच्या सहली तिथून हलायला तयार नसत. तीन वर्षांत आवाज वाढतच गेला, हे सांगताना रेगेंना मुलीचे गुण सांगणाऱ्या बापाइतका अभिमान वाटत होता. मंगळवारपासून मात्र सगळं शांत होतं. यंत्रं दोनदा बदलून झाली होती.

हेमांगींनी जुनं ध्वनिमुद्रण लावायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात त्यांनी हेडफोन उतरवला.

"रेगेसाहेब, हा समुद्र नाही. कुणीतरी लाकूड खातंय."

मग त्यांनी नौकाकृमीची माहिती दिली. शिंपल्याच्या कुळातला हा लांबट जीव टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून लाकडात शिरतो आणि आतून सगळं पोखरतो. बाहेरून खांब धडधाकट दिसतो.

रेगेंना ते पटेना. शंभर वर्षं खांबांना काही झालं नाही, मग आताच कसं, असं त्यांनी विचारलं. उत्तर हेमांगींना ठाऊक होतं आणि ते द्यायची त्यांना लाज वाटली.

"नव्वद वर्षं ही खाडी म्हणजे विष होतं. बोटींचं तेल, कारखान्यांचं रंगपाणी. त्यात हा जीव जगत नव्हता. नऊ वर्षांपूर्वी मी तेलभक्षी जंतू सोडले आणि पाणी स्वच्छ केलं."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशातली गत. आजचा सत्कार नेमका त्याच कामाबद्दल होता. वरच्या सभागृहात चारशे माणसं जमली होती आणि पहिल्या रांगेत हेमांगींची आई नवं लुगडं नेसून बसली होती.

रेगेंचा चेहरा एकदम खुलला. आवाज थांबला म्हणजे कीड मेली, मग चांगलंच झालं की, असं ते म्हणाले. हेमांगींनाही ते खरं असावं असं फार वाटत होतं.

शेजारच्या काचेच्या कपाटात एक लाकडी मोगरी मांडली होती. पूर्वीचे सुतार दर अमावास्येच्या ओहोटीला खाली उतरून तिने एकेक खांब ठोकून पाहत. पाणी नासलं, कीड गेली, तशी ती चालही मोडली. हेमांगींनी कपाट उघडायला लावलं, मोगरी घेतली आणि रेगेंना सोबत घेऊन लोखंडी जिन्याने खांबांमध्ये उतरल्या.

पहिल्या खांबावर ठोका मारला तेव्हा आवाज आलाच नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यात शिरावी तशी मोगरी दांड्यापर्यंत आत गेली. दुसऱ्या खांबात तेच. तिसऱ्यातही तेच.

"कीड मेली खरी," हेमांगी म्हणाल्या. "उपाशी मेली. खायला काही उरलं नाही."

"मग इमारत उभी कशावर आहे?"

"सवयीवर. स्थिर भार कसाबसा पेलतोय. हिसका बसला तर नाही पेलणार."

रेगे मागचे दरवाजे उघडायला गेले. हेमांगी जिना चढल्या. काय सांगायचं ते त्यांनी पक्कं ठरवलं होतं. जागेवर बसून राहा, एकेक रांग उठा, सावकाश चाला, कुणी धावू नका.

त्यांनी सभागृहाचं दार ढकललं. सूत्रसंचालकाने त्यांना पाहिलं आणि त्या तोंड उघडायच्या आत त्यांचं नाव पुकारलं. थांबा म्हणून हेमांगींनी हात वर केला. लोकांना वाटलं, बाई अभिवादन करताहेत.

सगळ्यांत आधी आई उठली. तिच्यामागोमाग चारशे माणसं एकदम उभी राहिली.