वरच्या बाई

"तुम्हीच बिघडवलंय एसीचं मशीन! मी घरमालकांना फोन केलाय. सांगितलंय त्यांना, आमच्या वरच्या बाई काहीतरी उद्योग करतात म्हणून!"

वरच्या बाई! जिन्यातच ती थबकली... तीन वर्षं या पोरीच्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली, दप्तराचा तुटलेला पट्टा शिवून दिला, आणि नाव काय मिळालं, तर वरच्या बाई! सख्खी आई नव्हती ती, बाबांची दुसरी बायको, मान्य. पण निदान मावशी तरी म्हणावं की नाही?

पोरगी तिखट, म्हणून बाबा तिला मिरची म्हणायचे. आत्ता ही मिरची भर उन्हाळ्यात स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून खालच्या खोलीच्या दारात उभी होती आणि नाक लालेलाल! भाड्याचं दुमजली घर, मशीन एकच, पत्र्याच्या नळांमधून दोन्ही मजल्यांना गार हवा. पण बाबा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेले तेव्हापासून, म्हणजे पंधरा दिवस झाले, खाली नुसता बर्फाचा कारखाना!

"थंडी वाजत होती तर सांगायचं ना, बाळा..."

"काय सांगायचं? तुम्हाला वर गार लागावं म्हणून लावलं असेल एवढं. मी कुडकुडले काय नि मेले काय!"

 

तासाभरात घरमालकांनी पाठवलेले म्हातारे मेकॅनिक आले. खालच्या जाळीसमोर हात धरून म्हणाले, "इथं भाजी ठेवा, महिनाभर सुकायची नाही!" मग शिडी घेऊन वर गेले. ती धावत जाऊन जाळीखाली आडवी उभी राहिली.

"वरचं राहू द्या काका... वर काही त्रास नाही."

"अहो, शिडी लावायच्या आधीच मी घामानं निथळतोय, आणि म्हणे त्रास नाही! व्हा बाजूला."

चार स्क्रू निघाले, जाळी निघाली, आणि मागून बाहेर आली एक छोटीशी गादी! बरोबर जाळीच्या मापाची, कापूस ठासून भरलेली, चारी कोपऱ्यांना नाड्या.

"च्यायला! टाके तर बघा! मुंगी जाणार नाही, हवा कुठली जातेय! सगळा गारवा खाली ढकललाय."

मागोमाग वर आलेल्या मिरचीनं ती गादी हिसकावली. तो बारीक, दुहेरी टाका तिच्या ओळखीचा होता... तिच्या दप्तराच्या पट्ट्यावरही तोच.

"तुम्ही... मुद्दाम?"

"तुझे बाबा जाताना म्हणाले होते, उकाड्यात हिचा घोळणा फुटतो, नाकातून भळाभळा रक्त येतं, सांभाळ. मला वाटलं, वरची वाट बुजवली की सगळा गारवा तुला मिळेल... चुकलंच माझं."

"घोळणा? मी सहा वर्षांची असताना फुटायचा तो!" मिरची ओरडली आणि ओरडता ओरडता थांबली. समोर उभ्या असलेल्या तिच्या गळ्यावर, थेट मानेपर्यंत, लालबुंद घामोळं उठलं होतं...

मेकॅनिक मान हलवत खाली गेले. मिरची मोरीतून ओलं फडकं घेऊन आली.

"वळ. वळ म्हणते ना! पंधरा दिवस या भट्टीत झोपलीस? तू वेडी आहेस का गं?"

ती वळता वळता थांबली. तीन वर्षं 'तुम्ही', 'अहो', 'तुमचं ताट वाढलंय'... आणि आज?

"काय म्हणालीस?"

"वेडी म्हणाले. राग आला?"

"नाही गं... त्याच्या आधीचं."

मिरचीच्या हातातलं फडकं क्षणभर थबकलं. मग ते हळूच, अगदी हळूच मानेवरून फिरू लागलं.

"हलू नकोस. चुरचुरेल."

तेवढ्यात खालून हाक आली, "खालची झडप अर्धी लावलीय हो! वरच्या बाई, गार लागतंय का?"

जाळीतून पहिली गार झुळूक आली. तिनं पदर डोळ्यांना लावला...

"लागतंय काका!" मिरची जिन्यात डोकं घालून ओरडली. "आणि वरच्या बाई काय म्हणता? आई आहे माझी ती!"