निम्मी भरलेली बोट

मास्तरांनी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टरी केली होती. गाडीत किती माणसं आहेत हे कळायला त्यांना मान वळवावी लागत नसे. गाडी भरली की हवा जड होते, आवाज दबतो, पाठीला ऊब लागते. एवढ्यावर त्यांचा अंदाज फार तर दोन-चार माणसांनी चुके. मुलानं मास्तरांना आणि बाईंना, दोघा नवराबायकोंना, पाच दिवसांच्या क्रूझची तिकिटं काढून दिली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मजा आहे तुमची. बाराशेंची बोट आणि जेमतेम सहाशे लोक." मास्तरांना बरं वाटलं. जन्मभर धक्के खाल्लेला माणूस, त्याला मोकळी जागा म्हणजे सुखच.

बाई मात्र म्हणाल्या, "मग बोलायचं कुणाशी?"

"मी आहे की."

"तुम्ही आहातच हो."

ते खरंच होतं. सासूबाई गेल्या, दीर-जाऊ वेगळे झाले, मुलगा नोकरीला दूर गेला. नऊ माणसांचं हसत करणारी बाई दोघांपुरती उरली आणि तिचं बोलणंच आटत गेलं. मास्तर हे बोलून दाखवत नसत, पण ही सहल त्यांनी तिच्यासाठीच मान्य केली होती.

पहिल्या दुपारी खोलीकडे जाताना लांबलचक बोळ लागला. खाली जाड गालिचा, दोन्ही बाजूंना बंद दारं, माणूस एकही नाही. वीसेक पावलं गेल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं, की आपण खांदा आत घेऊन तिरके चालतोय. मागे पाहिलं, तर बाईही पर्स छातीशी धरून तशाच येत होत्या. सवय जात नाही, असं म्हणून त्यांनी विषय मनातून काढून टाकला.

संध्याकाळी दोघं लिफ्टमध्ये शिरली. दार मिटेना. वजन जास्त झाल्याचा लाल दिवा लागला आणि घंटी वाजत राहिली.

"आपण जिन्यानं जाऊ," बाई सहज म्हणाल्या. "त्यांना जाऊ दे."

दोघं बाहेर आली. घंटी थांबली, दार मिटलं, लिफ्ट वर गेली.

जेवणघरात शंभर टेबलं मांडलेली आणि वेटर म्हणत होता, कुठेही बसा. मास्तर दोन फेऱ्या मारून आले. प्रत्येक खुर्चीजवळ गेलं की कुणीतरी नुकतीच धरून ठेवल्यासारखी वाटे. ओल्या लोकरीचा, केसांच्या तेलाचा, माणसांच्या श्वासाचा वास येत होता. शेवटी खिडकीपाशी बाई बाकाच्या अगदी टोकाला टेकल्या.

"एवढं अंग चोरून काय बसलीस?"

"मग काय, मांडी घालून बसू?" असं म्हणून त्या हसल्या. किती महिन्यांनी हसल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी मास्तरांनी खोली आवरणाऱ्या बाईला गाठून लिफ्टचं विचारलं. उशीला अभ्रा चढवता चढवता ती म्हणाली, "बोट भरलेली असली की असं होत नाही. रिकामी फेरी असली की आम्हालाच चालायला जागा नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. टॉवेल आणखी देऊ का?"

मग मास्तरांनी कुणाला विचारलं नाही. बाई खुलत चालल्या होत्या. डेकवरच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून त्या विणकाम करत, मध्येच "हो ना" म्हणत, मध्येच कुणासाठी पाय आवरून घेत. गालांवर रंग आला होता. मास्तर रेलिंगला पाठ लावून, दाटीत उभं राहतात तसे उभे राहत आणि तिच्याकडे बघत. भीती वाटत होती. पण हे मोडायची छाती होत नव्हती.

पाचव्या सकाळी बोट धक्क्याला लागली. उतरायच्या जिन्यात त्यांच्यापुढे एकच कुटुंब होतं, तेही उतरून गेलं.

आणि मागून लोंढा आला.

मास्तर कठड्यावर दाबले गेले. बाईंचा हात सुटला. चार पायऱ्या वर त्या होत्या, एकट्या, आणि त्यांना खाली येता येत नव्हतं. अंबाडा सुटला. एक चप्पल पायातून निघून गेली.

"सावकाश," मास्तर आपल्या जुन्या आवाजात म्हणाले. "बाईमाणसाला वाट द्या."

दाब सैल झाला.

बाई खाली आल्या. धापा टाकत होत्या, पण चेहरा शांत होता.

"भली आहेत हो सगळी," त्या म्हणाल्या.

दोघं घरी पोचली. बाईंनी कुलूप काढलं, दार उघडलं, पण आत गेल्या नाहीत. बाजूला होऊन दार धरून उभ्या राहिल्या. जिन्यावर कुणी नव्हतं. मास्तरही कडेला सरले.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "लावा आता."

मास्तरांनी दार लावलं आणि बूट काढायला वाकले.

वाकता येईना. कोपर हलवायलाही जागा नव्हती.